पहिल्या सत्राआधी फिजिक्सची तयारी

बीएस्सीला फिजिक्स घेतलंयस ना? मग जूनपर्यंत नवे धडे उघडू नकोस. सदिश (दिशा असलेल्या राशी) आणि डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) पक्के कर, गाडी अडते ती तिथेच.

पणजी-बेतीची फेरीबोट घे. समज, मांडवीचं पात्र 600 मीटर, बोटीचा वेग सेकंदाला 3 मीटर, प्रवाहाचा 1. नाक सरळ समोर ठेवलं तर 200 सेकंद लागतात आणि बोट 200 मीटर खाली वाहते. 3 आणि 1 मिळून बोटीचा तिरपा वेग √10 होतो, म्हणून बरेच जण 600 ला √10 ने भागून 190 लिहितात. चूक! तिरप्या वेगाने तिरपंच अंतर भागायचं. समोरच्याच धक्क्याला लागायचं तर नाक प्रवाहाविरुद्ध 19.5 अंश वळव. वेळ 212 सेकंद. आकृतीशिवाय हे सोडवूच नकोस.

प्रॅक्टिकलला लंबक. पंखा बंद, झोका 5 अंशांच्या आत. घड्याळ मधल्या स्थानावर सुरू कर; टोकाला गोळा रेंगाळतो, नेमका क्षण सापडत नाही. मोजणी 'शून्य'पासून, नाहीतर 20 ऐवजी 19च आंदोलनं होतात. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत घे. हुकापर्यंतच घेतलीस तर आवर्तकालाचा (एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग आणि लांबी यांचा आलेख शून्यातून जात नाही. चढ मात्र बरोबर येतो, मीटर-सेकंदात 4.03 च्या आसपास, म्हणून 'जी' (गुरुत्वत्वरण) चढावरूनच काढ.