वाचकांचे प्रश्न : जांभळा रंग पिवळा झाला म्हणजे नेमकं काय सिद्ध झालं?

प्रश्न : होमिओपॅथीच्या अभ्यासक्रमातल्या प्रकल्पासाठी सिझिजियम जांबोलेनमच्या (जांभळाच्या) मदर टिंक्चरची, म्हणजे पातळ न केलेल्या मूळ अल्कोहोली अर्काची, अँटिऑक्सिडंट क्षमता डीपीपीएच पद्धतीने मोजतोय. दर वेळी आकडा वेगळाच येतो. कुठे चुकतंय? (विद्यार्थी, कोल्हापूर)

डीपीपीएच हा स्वतःच एक टिकाऊ फ्री रॅडिकल, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू. मिथेनॉलमध्ये त्याचा रंग गडद जांभळा असतो आणि ५१७ नॅनोमीटरला तो प्रकाश जोरात शोषतो. हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ, म्हणजे अँटिऑक्सिडंट, भेटला की रंग पिवळा पडत जातो. ०.१ मिलिमोलर द्रावणासाठी ३.९४ मिलिग्रॅम पूड १०० मिली मिथेनॉलमध्ये विरघळवा. द्रावण त्याच दिवशी करा आणि बाटलीला फॉइल गुंडाळा. उजेडात रंग आपोआप उतरतो आणि श्रेय औषधाला मिळतं. २.९ मिली द्रावणात ०.१ मिली नमुना घाला, ३० मिनिटं अंधारात ठेवा, मग ५१७ ला किती प्रकाश शोषला जातो याचं रीडिंग घ्या. नमुन्याऐवजी नुसता सॉल्व्हंट घातलेल्या कंट्रोलचं रीडिंग १ च्या आसपास हवं. ते ०.६ वगैरे येत असेल तर पुढचं काहीच मोजू नका. द्रावण शिळं आहे किंवा वजनात चूक आहे.

आता तुमचा आकडा का हलतो ते. टिंक्चरला स्वतःचा तपकिरी रंग असतो आणि तोही ५१७ ला थोडा प्रकाश शोषतो. म्हणून प्रत्येक तीव्रतेसाठी २.९ मिली नुसतं मिथेनॉल अधिक ०.१ मिली टिंक्चर असा वेगळा ब्लँक लावून तेवढं रीडिंग वजा करायचं. दुसरं, टिंक्चर पातळ करायला पाणी वापरलंत तर अल्कोहोलमध्ये विरघळलेले घटक बाहेर पडून द्रावण धुरकट होतं. गढूळपणामुळे रीडिंग वाढतं आणि औषध निकामी वाटतं. ज्या टक्केवारीच्या अल्कोहोलमध्ये टिंक्चर आहे, त्याच अल्कोहोलने पातळ करा आणि कंट्रोलमध्येही तेच घाला.

पण सगळ्यात मोठी चूक असते ती 'मिली'मध्ये बोलण्याची. दोन बाटल्यांतलं टिंक्चर सारखं घट्ट नसतं. आधीच वजन केलेल्या पोर्सिलीनच्या डिशमध्ये १० मिली टिंक्चर वॉटर बाथवर आटवा, १०५ अंशांवर ओव्हनमध्ये सुकवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा आणि वजन स्थिर होईपर्यंत हे करत राहा. हाती येणारा कोरडा अंश हा तुमचा खरा डोस. आयसी५०, म्हणजे निम्मं डीपीपीएच निकामी करणारी मात्रा, त्यावरून मायक्रोग्रॅम प्रति मिलीमध्ये काढा. त्यासाठी किमान पाच तीव्रता घ्या, प्रत्येकीची तीन रीडिंग घ्या आणि शेजारी ॲस्कॉर्बिक किंवा गॅलिक ॲसिडचं स्टँडर्ड चालवा. जांभळाच्या बियांत गॅलिक आणि एलॅजिक ॲसिड असतं, त्यामुळे निकाल सकारात्मक येणारच. जांभळाच्या बियांच्या साध्या अर्कातही तो येतो. होमिओपॅथीबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि ही गोष्ट प्रकल्पाच्या निष्कर्षात स्पष्ट लिहा.

प्रश्न : मग ६ सी किंवा ३० सी वर, म्हणजे सहा किंवा तीस वेळा शंभर-शंभरपट पातळ केलेल्या औषधावर, हीच चाचणी करता येईल का?

करता येईल, पण आधी कागदावर हिशोब मांडा. टिंक्चरमध्ये मिलीला २० मिलिग्रॅम कोरडा अंश आहे आणि तो सगळाच्या सगळा गॅलिक ॲसिड आहे, असं उदार मनाने धरू. तो सहा वेळा शंभर-शंभरपट पातळ केला, तर ०.१ मिलीमध्ये उरतात साधारण ७० लाख रेणू. क्युव्हेटमधल्या (रीडिंगसाठीच्या छोट्या पारदर्शक भांड्यातल्या) डीपीपीएचचे रेणू मोजले तर एकेका गॅलिक रेणूच्या वाट्याला सुमारे अडीच हजार कोटी येतात. एक रेणू फार तर मोजक्या रॅडिकल्सना पुरा पडतो. १२ सी च्या पुढे तर मूळ पदार्थाचा एखादा रेणू सापडण्याचीही आशा ठेवता येत नाही. म्हणून ६ सी ने रंग उतरवला तर आनंद होण्याआधी पिपेट, बाटली आणि द्रावणाचं वय तपासा.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत हायड्रॉक्सिल रॅडिकलच्या चाचणीत ३० सी ने जवळजवळ शंभर टक्के रोध दाखवला. हे कसं समजून घ्यायचं? (संशोधक, नागपूर)

ही जागा फार फसवी आहे. हायड्रॉक्सिल रॅडिकल इथेनॉलशी प्रचंड वेगाने अभिक्रिया करतो, आणि तुमची ३० सी म्हणजे साधारण ९० टक्के इथेनॉल. डीऑक्सिरायबोज या साखरेवर रॅडिकल किती हल्ला करतो ते मोजण्याच्या पद्धतीत १ मिली मिश्रणात ०.१ मिली असं अल्कोहोल पडलं की त्याची तीव्रता दीड मोलरच्या घरात जाते. समोर डीऑक्सिरायबोज असतं फक्त २.८ मिलिमोलर, म्हणजे अल्कोहोलच्या पाचशेव्या भागाहूनही कमी. रॅडिकल अल्कोहोलच गिळून टाकतं. औषध न घातलेलं तेवढंच अल्कोहोल ठेवून बघा, तोच आकडा येईल.

योग्य कंट्रोल दोन हवेत. एक साधं अल्कोहोल. दुसरं, त्याच कंपनीच्या, त्याच काचेच्या बाटलीत, तितक्याच वेळा पातळ करून तितकेच झटके दिलेलं (होमिओपॅथीत दर पायरीला बाटली जोरात हलवतात तसं) अल्कोहोल, ज्यात सुरुवातीला औषध नव्हतं. झटके देताना काचेतून सिलिका आणि क्षार सुटतात, हवाही विरघळते; ते सगळं दोन्हीकडे सारखं हवं. बाटल्यांवर तिसऱ्या माणसाने क्रमांक घालावेत आणि सगळी रीडिंग लिहून होईपर्यंत यादी त्याच्याकडेच राहावी. हे आम्ही आग्रहाने सांगतो. १९८८ मध्ये फ्रेंच संशोधक जाक बेनव्हेनिस्ट यांचा अतिविरल द्रावणांचाही परिणाम होतो असं सांगणारा निबंध 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला, पण त्यांच्याच प्रयोगशाळेत क्रमांक झाकून प्रयोग झाला तेव्हा परिणाम दिसेना.

आयआयटी मुंबईच्या २०१० च्या कामाचा दाखला बरेच जण देतात. त्यात धातूंपासून केलेल्या औषधांत ३० सी आणि २०० सी मध्येही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धातूचे नॅनोकण दिसले होते. ते कण असण्याबद्दल आहे. ते शरीरात काही करतात का, हा तिथला प्रश्नच नव्हता. वनस्पतींच्या औषधांना तो जसाच्या तसा लावता येत नाही.

प्रश्न : मला मधुमेह आहे. जांभळाचं टिंक्चर अँटिऑक्सिडंट आहे असं वाचलं. गोळ्या कमी करू का? (वाचक, सातारा)

नाही. कृपया स्वतःहून गोळी किंवा इन्सुलिन कमी करू नका. डीपीपीएच आपल्या शरीरात नसतोच. परीक्षानळीतला आकडा रक्तातल्या साखरेबद्दल काही सांगत नाही. 'अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच' हेही खरं नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचे निकाल १९९४ मध्ये आले, त्यात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला. टिंक्चर घेत असाल तर तुमच्या डॉक्टरांना सांगा. त्यात अल्कोहोलही असतं.

प्रश्न : डीपीपीएचसाठी क्वार्ट्झचं क्युव्हेट घ्यावं लागेल का?

गरज नाही. ५१७ नॅनोमीटर दृश्य प्रकाशात येतं, साध्या काचेचं चालतं. प्रत्येक रीडिंगनंतर मात्र मिथेनॉलने दोनदा धुवा. कोपऱ्यात पिवळी कड राहिली तर पुढचं रीडिंग बिघडतं.