हूडचा रंग नेमका कुणाचा?

प्रश्न: नातीने अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातून इंजिनिअरिंगचं मास्टर्स केलं. फोटोत तिच्या पाठीवर जे लोंबतंय त्याला आकाशी अस्तर, त्यात पांढरा व्ही आणि कडेला नारिंगी मखमल आहे, हे काय असतं? माझे सासरे बडोदा कॉलेजचे, 1938 चे बीए, त्यांच्या फोटोतही तसंच काहीतरी दिसतं पण फोटो ब्लॅक अँड व्हाइट. धाकटा नातू म्हणतो ॲपवर रंगीत करून देतो, मग त्यात आपल्या एमएसयूचे, म्हणजे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे, रंग भरायचे ना?
– एक आजी, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: आजी, नातवाला आधी थांबवा, ॲपचं नंतर बघू!

त्या लोंबणाऱ्या प्रकाराला हूड म्हणतात आणि तो खरंच डोक्यावर घ्यायचा होता, बाळाची कुंची आठवा, डोकं आणि खांदे दोन्ही झाकणारी, तसंच. मध्ययुगात युरोपातली विद्यापीठं म्हणजे दगडी थंडगार इमारती आणि शिकणारे बहुतेक चर्चचेच लोक, मग गाऊन आणि कुंची घालूनच बसायचे. पुढे डोक्यावर टोपी आली, कुंची पाठीवर सरकली ती तिथेच राहिली. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बीएच्या हूडला अजूनही पांढरी फर असते, बडोद्याच्या उन्हात नुसती कल्पना करा.

आता रंग. इंग्लंडात प्रत्येक विद्यापीठाचा आपला वेगळा हिशोब, पण अमेरिकेत गार्डनर कॉट्रेल लेनर्ड नावाच्या मुलाने 1887 मध्ये विल्यम्स कॉलेजातल्या आपल्या बॅचचे गाऊन डिझाइन केले, त्याला या विषयाचा नादच लागला आणि 1895 मध्ये सगळ्यांसाठी मिळून नियम ठरले, ती बैठक झाली कोलंबियातच. तुम्हाला साडीच्या भाषेत सांगतो, काठ म्हणजे विषय आणि अस्तर म्हणजे विद्यापीठ. नारिंगी काठ इंजिनिअरिंगचा, हिरवा मेडिकलचा, जांभळा वकिलीचा, पांढरा आर्ट्सचा. लांबीही ठरलेली, बॅचलरला 3 फूट, मास्टर्सला साडेतीन, डॉक्टरेटला 4. व्ही कशाला, तर विद्यापीठं खूप आणि रंग मोजके, मग तोच रंग दोघांनी घेतला तरी व्हीवरून फरक कळतो.

आकाशी-पांढरा का? कोलंबियात विद्यार्थ्यांची दोन साहित्य मंडळं होती, एकाचा रंग आकाशी, दुसऱ्याचा पांढरा, दोन्ही जोडून विद्यापीठाचे रंग झाले. हार्वर्डचा लाल तर 1858 च्या होड्यांच्या शर्यतीत खेळाडूंनी ओळखू यावं म्हणून डोक्याला बांधायला घेतलेल्या रुमालांवरून आला, एवढाच त्याचा इतिहास. आणि तुमच्या नातीच्या आधी याच कोलंबियात 1913 मध्ये बडोद्याच्याच पैशावर डॉ. आंबेडकर गेले होते, सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर, हे तिला जरूर सांगा.

आता सासऱ्यांचा फोटो. एमएसयू झालं 1949 मध्ये, फोटो 1938 चा! बडोदा कॉलेज 1881 पासून आपल्या गावात होतं खरं पण पदवी द्यायचं मुंबई विद्यापीठ, म्हणजे शिकायचं कॉलेजच्या घुमटाखाली बडोद्यात आणि परीक्षा मुंबईची. विनोबा भावे आठवतात ना, 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेला म्हणून बडोद्याहून मुंबईला निघाले आणि सुरतेलाच उतरून काशीला गेले, ती परीक्षा मुंबईचीच. हूडवर रंग असतो पदवी देणाऱ्याचा, तुम्ही कुठल्या बाकावर बसलात त्याचा नाही, त्यामुळे सासऱ्यांच्या पाठीवर एमएसयू चालणारच नाही.

आणि ही ॲपं काय करतात, राखाडी दिसलं की मनाला येईल तो रंग फासतात, मग दहा वर्षांनी घरात सगळे तोच खरा धरून बसतात. तेव्हा मूळ फोटो आहे तसाच ठेवा, मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा: बीए, मुंबई विद्यापीठ, 1938, बडोदा कॉलेज. बॉलपेन नको, पुढच्या बाजूला उमटतं.