‘मी कामचुकार झालो आहे का?’

हा प्रश्न मला विचारला तेव्हा चाळिशीतल्या एका ग्रामसेवकाच्या हातात कारणे दाखवा नोटीस होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चौदा वर्षांत त्यांच्या गोपनीय अहवालावर वाईट शेरा नव्हता, गेल्या वर्षभरात मात्र घरपट्टीची वसुली मागे पडली, मासिक सभेचे इतिवृत्त लिहायचे राहू लागले आणि एका दाखल्यावर चुकीचे नाव गेले. आपली काम करण्याची वृत्तीच संपली, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढून ठेवला होता.

मी त्यांना आठवडाभर एकच गोष्ट लिहायला सांगितली: हातातले काम कधी आणि कशामुळे सुटले. मंगळवारचे पान असे होते : ‘साडेदहाला नमुना 8 (कर आकारणीची नोंदवही) काढून बसलो. पावणेअकराला ग्रुपवर संदेश, शौचालयांची माहिती तासाभरात पाठवा. हीच माहिती मागच्या महिन्यात वेगळ्या तक्त्यात दिली होती. बाराला दुसऱ्या गावातून फोन, पाण्याची मोटर जळाली. नमुना 8 कपाटात.’ दुसऱ्या गावाचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे आला, त्याच सुमारास ही घसरण सुरू झाली होती. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आहेत. ग्रामसेवक मात्र एकच, आणि तोही दोन गावांत वाटलेला.

अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडले होते की, मागणी मोठी आणि काम कसे करायचे हे ठरवण्याची मुभा थोडी असली की माणसावरचा ताण सर्वाधिक वाढतो. हे वर्णन या गृहस्थांना तंतोतंत लागू पडत होते. पण मला अधिक महत्त्वाची वाटली ती त्यांनी सहज सांगितलेली एक गोष्ट. एका आढावा बैठकीत त्यांना सर्वांसमोर उभे करून बोलण्यात आले होते, आणि त्यानंतर त्यांनी विस्तार अधिकाऱ्यांना शंका विचारणेच सोडले. चूक होईल म्हणून संगणक परिचालकाकडे दिलेले दाखलेही ते रात्री स्वतः टंकू लागले. चुकीचे नाव गेले ते अशाच एका रात्री. पगार, बढती, प्रशिक्षण यांचा कामावर परिणाम होतोच. पण शंका विचारण्याची लाज वाटू लागली की जुना, कसलेला माणूसही चुकतो, असे मला अनेकदा दिसले आहे.

नोटिशीच्या उत्तरात आम्ही माफीनामा लिहिला नाही, तक्रारही केली नाही. झालेल्या चुका मान्य करून वहीतल्या नोंदी जोडल्या आणि दोन मागण्या मांडल्या : दुसऱ्या गावासाठी ठरलेले वार आणि वसुलीसाठी आठवड्यातली एक अखंड सकाळ. पहिली मान्य झाली, दुसरी तोंडी ‘बघू’वर राहिली. दाखले पुन्हा परिचालकाकडे गेले.

तिसऱ्या भेटीत त्यांनी सांगितले की लेखापरीक्षणातल्या एका शंकेसाठी विस्तार अधिकाऱ्यांना फोन केला होता. ‘अहो, हे आधीच विचारायचे होते,’ एवढेच अधिकारी म्हणाले, आणि पाच मिनिटांत शंका फिटली. दुसऱ्या गावातले पद अजूनही रिक्तच आहे.