मेंदूत ‘उत्क्रांती’ होते की ‘निवड’?

सोलापुरातल्या एका विज्ञानशिक्षिकांनी विचारलं आहे : ‘अवघड कोडं सोडवताना मेंदूत उत्क्रांती चालू असते’ असं वाक्य त्यांनी वर्गात वापरलं. सहकाऱ्यांचं म्हणणं, उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, इथे ‘विकास’ म्हणा. बरोबर कोण?

‘विकास’ नकोच. विकास म्हणजे आत असलेलं उमलणं. इथे सांगायचंय ते निराळं : मेंदू बरेच पर्याय काढतो, न जमणारे गळतात, उरलेल्यांत फेरफार होतात. आणि उत्क्रांतीला काळाची अट नाहीच. अटी आहेत त्या नक्कल, नकलेत फेरफार आणि निवड यांच्या.

‘निवड’ हा शब्द मला फार आवडतो. आपल्याकडे सुपात ज्वारी निवडतात तेव्हा खडे टाकायचे असतात. बियाण्यासाठी कणसं निवडतात तेव्हा चांगली राखायची असतात. क्रियापद एकच. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून ‘मालदांडी ३५-१’ काढली ती या दुसऱ्या अर्थाने निवडून. पण निवडलेलं कणीस फडताळात ठेवलं तर वाण पुढे जात नाही, ते पेरावं लागतं. तुमच्या प्रश्नाची खरी मेख इथेच आहे.

अमेरिकी शास्त्रज्ञ जेराल्ड एडेलमनला प्रतिपिंडांच्या (जंतूंना चिकटून त्यांच्याशी लढणाऱ्या प्रथिनांच्या) रचनेवरच्या कामासाठी १९७२ चं नोबेल विभागून मिळालं. शरीरात तऱ्हेतऱ्हेची प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी आधीच असतात. जंतूला जिचं प्रतिपिंड नेमकं चिकटतं ती पेशी भराभर वाढते. हाच विचार त्याने मेंदूला लावला आणि १९८७ मध्ये ‘न्यूरल डार्विनिझम’ या नावाने मांडला : चेतापेशींचे नाना गट असतात, उपयोगी पडतात त्यांचे जोड घट्ट होतात. मात्र रक्तातली ती पेशी स्वतःच्या प्रती काढते, चेतापेशी तशा काढत नाहीत. जोड घट्ट होणं म्हणजे प्रत निघणं नव्हे. म्हणून एडेलमनच्या सिद्धांताला ‘निवड’ म्हणावं, ‘उत्क्रांती’ नाही.

क्रिसांथा फर्नांडो, एर्श सातमारी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून पुढचं पाऊल टाकलं. पेशीची नाही, पण जोडणीच्या नमुन्याची नक्कल एका गटातून दुसऱ्या गटात उतरू शकेल, आणि ती उतरताना चुकाही होतील, असं त्यांनी संगणकी प्रारूपांतून दाखवलं. कोडं सोडवायला याने मोठा फरक पडतो. नुसत्या निवडीत हाताशी आहे त्यातलं उत्तम मिळतं. नक्कल असेल तर अर्धवट जमलेल्या उत्तराच्या अनेक प्रती निघतात, प्रत्येकीत वेगळा बदल करून पाहता येतो आणि मूळ उत्तर शाबूत राहतं. प्रत्यक्ष मेंदूत असं घडतं हे अजून सिद्ध नाही.

तेव्हा बाई, ‘उत्क्रांती’ ठेवा, पण ‘चालू असते’ऐवजी ‘चालू असावी, असं काही शास्त्रज्ञ मानतात’ म्हणा. शिवाय ‘मेंदूची उत्क्रांती’ असं चुकूनही होऊ देऊ नका. ती माकडसदृश पूर्वजांपासून माणसापर्यंतची गोष्ट. तुमची आहे ‘मेंदूतली’.