ट्रेडमिलवर वेग बघायचा की ठोके?

भाऊ, तुमचं वय ५०, सकाळी उठल्या उठल्या नाडी ७३. फेब्रुवारीत ६.५ च्या वेगाला घड्याळ १३० दाखवायचं, आता एप्रिलअखेर तिथेच १४८ दाखवतं, म्हणून स्टॅमिना गेला का, असं विचारताय. बाकी काही त्रास नसेल तर पहिला संशय उन्हावर घ्या. भुसावळात राहता राव, पारा ४५ ला टेकतो तिथे!

अंग तापलं की ते थंड करायला रक्त कातडीकडे जास्त जातं. घामावाटे पाणी कमी होतं. एका ठोक्याला पुढे जाणारं रक्त घटतं, मग हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. वेग न बदलता शेवटच्या पंधरा मिनिटांत आकडा चढत जातो, तोही बराचसा यामुळेच. त्यात बंद खोलीत कूलर लावला की दमटपणा वाढतो आणि घाम वाळत नाही. खिडकी उघडी ठेवा, पंखा थेट अंगावर घ्या, आणि वेग खुशाल ५.५ वर आणा. बघतंय कोण?

आता किती ठोके धरायचे ते. २२० वजा वय म्हणजे कमाल ठोके, हे सगळ्यांना पाठ असतं. मी २०८ मधून वयाची ०.७ पट वजा करतो. तुमचे कमाल १७३ येतात. त्यातून ७३ गेले, उरले १००. या १०० चे ५० ते ६५ टक्के घेऊन त्यात ७३ परत मिळवा: १२३ ते १३८. रोजच्या चालण्याला एवढं पुरे. तरी सूत्र कुठलंही घ्या, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतातच. म्हणून बोलून बघायचं. वाक्य सलग बोलता येतंय पण गाणं जमत नाही, म्हणजे बरोबर चाललंय. मशीनवरच्या ‘फॅट बर्न’ तक्त्याच्या नादी लागू नका. रात्री शेवभाजी किती हाणली, हे त्याला कुठे कळतं!

ठोके कमी पडले तर वेगाआधी एक-दोन टक्के चढ वाढवा आणि दोन-तीन मिनिटं थांबून मगच आकडा बघा. दांडा धरून चालू नका, अंगाचा भार हातांवर जातो आणि चढाची मेहनत वाया जाते.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. सैल असलं की कधीकधी पावलांची लयच ठोके म्हणून मोजतं. शंका आली तर मशीन थांबवून लगेच १५ सेकंद नाडी मोजा, गुणिले चार. छातीचा पट्टा जास्त अचूक, पण चालण्यापुरता लागत नाही.

आणि हाच हिशेब वहिनींना लावू नका. त्यांना बीपीची गोळी चालू आहे म्हणता. ती मेटोप्रोलोल किंवा अटेनोलोलसारखी असेल तर ठोके दाबलेलेच राहतात, १२३ गाठायला त्या उगाच जिवाचा आटापिटा करतील. त्यांनी बोलण्याच्या अंदाजाने चालावं, आकडा डॉक्टरांकडून घ्यावा. छातीत दाटलं किंवा गरगरलं, तर दोघांपैकी कुणीही असो, मशीन तिथेच बंद करून आधी डॉक्टर गाठायचा.