मांडव्याच्या लाँचमागे येणारे कुरव: काळ्या डोक्याचा की तपकिरी डोक्याचा?

गेटवे ते मांडवा लाँचमागे हिवाळ्यात उडणारे पांढरे पक्षी नेमके कोणते कुरव, डोकं तर कोणाचंच काळं किंवा तपकिरी दिसत नाही, असं तुम्ही विचारलंय. बरोबर आहे, थंडीत दोघांचंही डोकं पांढरं होतं आणि कानापाशी फक्त एक काळपट ठिपका उरतो. त्यामुळे नावावर जाऊ नका. त्यातून गंमत म्हणजे 'काळ्या डोक्याच्या' कुरवाचं डोकं विणीच्या काळातही चॉकलेटीच असतं!

पंखांची टोकं बघा. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं टोक चांगलं रुंद काळं असतं आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके, जणू काळ्या कापडावर टिकल्या लावल्यात. काळ्या डोक्याच्या कुरवात पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र, पाचरीसारखी, आणि काळं फक्त पिसांच्या अगदी टोकाला. उडताना एवढं पुरतं.

पक्षी कठड्यावर बसला तर डोळा बघा: तपकिरीवाल्याची बुबुळं फिकट, त्यामुळे नजर जरा खुनशी वाटते, दुसऱ्याचा डोळा गडद, चेहरा भोळा. पण पिल्लावस्थेतल्या पक्ष्यांत दोघांचेही डोळे गडद असतात, तिथे फसाल. तपकिरीवाला अंगाने आणि चोचीनेही थोडा दांडगा.

तो लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांकाठी वीण करतो, तर काळ्या डोक्याच्या कुरवाची वीण युरोपपासून पूर्व आशियापर्यंत पसरलेली. आणि हो, त्यांना गाठी-शेव टाकू नका. ते त्यांचं खाणं नव्हे.