अंगठा ओढणं आधी थांबवा

प्रश्न : वय 56, शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून उजव्या पायाचा अंगठा दुखतो, जिना चढताना तर फारच. अंगठ्याच्या बुडाशी वरच्या अंगाला हाडासारखं टेंगूळ आलंय. रोज 12 सूर्यनमस्कार घालते; मागचा पाय चवड्यावर टेकला की कळ मस्तकात जाते. एक्स-रेमध्ये सांध्यातली फट कमी झालेली दिसली. युरिक अ‍ॅसिड नॉर्मल आहे. मालिशवाल्या बाई अंगठा ओढून मोकळा करतात, पण दुसऱ्या दिवशी सूज येते. ऑपरेशनशिवाय काही होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होईल, बरंच होईल. पण ताई, ते ओढणं आजपासून बंद. निरोगी अंगठा वरच्या दिशेला साधारण 65-70 अंश वळतो. तुमच्या सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजली आहे आणि वर वाढलेलं हाड दाराखालच्या पाचरीसारखं आडवं येतंय. पाचर तशीच ठेवून दार ढकलत राहिलं, की सूज येणारच.

मी 22 वर्षं फिजिओथेरपी करते आणि सहा वर्षांपासून माझाही डावा अंगठा असाच आहे. सगळं माहीत असून सुरुवातीला मीही तो जबरदस्तीने वाकवत बसले आणि तीन महिने लंगडले. आराम पडला तो चप्पल बदलल्यावर.

दुकानात एका हातात टाच, दुसऱ्यात टोक धरून चप्पल दुमडून बघा. पोळीसारखी घडी झाली तर घेऊ नका. सोल कडक हवा, पुढून नावेसारखा किंचित उचललेला. 'रॉकर सोल' म्हणून मागा. पाऊल त्यावर आपसूक पुढे कलतं, अंगठ्याला फारसं वाकावं लागत नाही. पुढचा भाग रुंद हवा, टेंगळावर पट्टा घासायला नको. उंच टाच नकोच. बूट वापरत असाल तर अंगठ्याखाली कडक पट्टी असलेला इनसोल करून घ्या. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 772 रुग्णांच्या पाहणीत 55 टक्के लोकांचं ऑपरेशनशिवाय भागलं, आणि त्यांतल्या बहुतेकांना उपयोगी पडले ते असे खास इनसोलच. आपण घरात फरशीवर अनवाणी वावरतो, तिथेच दुखणं वाढतं. घरासाठी वेगळा जोड ठेवा.

सूर्यनमस्कार दुखणं उतरेपर्यंत थांबवा. जिवावर येईल, जाणते. पुढे सुरू कराल तेव्हा मागच्या पायाचा गुडघा टेकून पावलाची वरची बाजू जमिनीला लावा. जिन्यावर चवडा नको, पूर्ण पाऊल पायरीवर ठेवा.

सूज असेल तेव्हा कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. वेदनाशामक जेल लावायला हरकत नाही. गोळ्या मात्र बीपी, किडनी किंवा अ‍ॅसिडिटीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे, कधी काही महिने आराम देतं. झिजलेली कूर्चा त्याने परत येत नाही. कोमट पाण्यात पाय बुडवून, दुखणार नाही इतपतच अंगठा हलवा. मधुमेह असेल तर पाण्याचा गरमपणा आधी हाताने पाहा. एवढं करूनही रात्रीची झोप मोडू लागली, तर ऑपरेशनचं पुन्हा बोलू.

मोच्याकडून सोल कडक करून घेणार असाल तर दोन्ही चपला न्या. एकच जाड झाली, तर कंबर दुखायला लागू शकते.